चिखल लावलेली झाडं

वखारीमागच्या मैदानात त्या दिवशी नवा खेळ रंगला होता. खेळाचं नाव 'मामा पडला'. एकानं हात वर करून झाड व्हायचं. दुसऱ्यानं तोंडानं घर्रर्र आवाज काढत त्याच्या घोट्याशी खोटी करवत चालवायची. मग झाडानं भलत्याच बाजूला कोसळायचं, आणि त्याखाली सापडलेल्या करवतवाल्यानं बोंब ठोकत एका पायावर मैदानभर उड्या मारायच्या. जो सगळ्यात झकास लंगडेल तो पुढच्या डावातही मामा.

खेळ काढला होता ठेकेदाराच्या मुलानं, आणि लंगडायचाही तोच सगळ्यात झकास.

काडी कुंपणाशी उभी राहून बघत होती. अंगानं काटकुळी म्हणून काडी. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. ज्या मामाचा हा खेळ चालला होता तो तिचा सख्खा मामा. सुट्टी लागली तशी ती आणि तिचा धाकटा भाऊ ढोल्या मामाकडे आले होते. सुरुवातीचे काही दिवस ओढ्यात डुंबण्यात मजेत गेले, आणि मग एका दुपारी जंगलात मामावर झाड पडलं. डॉक्टरांनी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

ढोल्याला राहवलं नाही. तो मैदानात घुसला आणि दोन मिनिटांत नाक फोडून घेऊन परत आला. मामाचा मुलगा पंडित मात्र जागचा हलला नाही. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. खेळातली पोरं त्याच्याकडे बघून मुद्दाम जोरात लंगडत होती.

घरी काही वेगळं नव्हतं. नळावर बायका मामीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत, की इतकी वर्षं करवत धरली तरी याला झाड कुठे पडणार ते कळत नव्हतं. ठेकेदार तर दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझा पाय गेला तो गेला, माझी करवतही मोडलीस." त्याचं म्हणणं असं की मामा एकटाच झाड पाडत होता, काप चुकला, झाड फिरलं. उद्या सकाळी जंगल खात्याच्या निरीक्षकबाई चौकशीला येणार होत्या. त्यांनी हेच खरं मानलं, तर मामाला यंत्रकरवतीची साखळी घासायलाही कुणी उभं करणार नव्हतं. अनाडी म्हणून शिक्का बसला तो बसलाच.

मामा यावर काहीच बोलत नव्हता. दवाखान्यातून घरी आणला तरी भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मामीनं विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, तरी हूं नाही की चूं नाही.

काडीला हेच खटकत होतं. कारण याच मामानं पहिल्याच संध्याकाळी एक गाजर ताटलीत उभं धरून तिघांना झाड कसं पाडतात ते सुरीनं दाखवलं होतं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी खाच. मग मागून काप. पण आरपार नाही. मध्ये बोटभर लाकूड राखायचं. ती झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळतं आणि सांगितलेल्या जागी पडतं. आणि पाडणाऱ्याखेरीज बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब राहायचं. मग ते गाजर ढोल्यानं खाऊन टाकलं होतं. हे सगळं झोपेतही सांगेल असा माणूस काप चुकवतो कसा?

"बुंधा बघू या," काडी म्हणाली. "झाड उचलून नेलं, पण बुंधा तर जागेवर असेल."

पंडित म्हणाला की तिकडे जायची बंदी आहे. ढोल्या नाकातला कापूस सावरत म्हणाला की म्हणूनच जायचं.

निलगिरीची ती झाडं ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लागूनच होती. बुंधा सापडायला वेळ लागला, कारण कुणीतरी त्याच्यावर फांद्यांचा ढीग रचला होता. ढीग बाजूला केल्यावर तिघंही बुंध्याभोवती उकिडवे बसले. समोर खाच होती. मागे उथळ, अर्धवट काप होता. पण मधलं लाकूड बोटभर नव्हतं. चांगलं जाडजूड होतं, आणि ते कापलेलं नव्हतं, फाटलं होतं. त्याच्या ढलप्या भाल्यांसारख्या वर आल्या होत्या. पंडितनं नखानं खरवडून पाहिलं. फाटलेला भाग अजून पांढरा होता. कापाचा भाग काळपट पडून त्यावर डिंक वाळला होता.

"काप जुना आहे," तो हळूच म्हणाला. "झाड पडलं त्याच्या कितीतरी आधीचा. कुणी पाडत नव्हतं हे. अर्धं कापून सोडलं होतं, ते वाऱ्यानं मोडलं."

ढोल्या तोवर पुढच्या झाडाला टेकायला गेला होता. टेकता टेकता थांबला. झाड चांगलं उभं होतं, पण त्याच्या पायाशी लाकडाचा भुसा पडला होता. उभ्या झाडाखाली भुसा कशाला? आणि निलगिरीच्या गोऱ्यापान खोडावर बुडाशी चिखलाचा पट्टा होता. त्यानं काटकीनं चिखल उकरला. आत हात जाईल एवढी खाच. पलीकडच्या झाडाला तसाच चिखल. त्याच्या पलीकडेही.

"ढोल्या, मागे ये," काडी म्हणाली. "हळू. खाचेच्या समोरून नको, बाजूनं ये."

घरी आल्यावर पंडितनं सांगितलं, वखारीत ऐकलेलं. याला रांग लावणं म्हणतात. ओळीनं झाडं अर्धी कापून ठेवायची आणि शेवटचं पूर्ण कापून त्यांच्यावर लोटायचं, की सगळी एकावर एक कोसळतात. वेळ वाचतो, तेल वाचतं. कायद्यानं बंदी आहे, कारण मधेच वारा सुटला तर रांग कुणाची वाट बघत बसत नाही.

सकाळी वारा पडलेला होता. निरीक्षकबाई जीपमधून उतरल्या त्या घड्याळ बघतच. ठेकेदारानं त्यांच्यासाठी मोकळ्या जागेत टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या, थर्मासमध्ये चहा होता. मजूर एका बाजूला घोळक्यानं उभे होते. ठेकेदार अपघाताची गोष्ट सांगत होता आणि मधे मधे हळहळतही होता. फांद्यांचा ढीग पुन्हा बुंध्यावर आला होता.

काडीनं जाऊन बाईंना सांगितलं की उभी झाडंही बघा, ती अर्धी कापलेली आहेत. बाईंनी ठेकेदाराकडे पाहिलं. तो मनापासून हसला.

"पाय तुटलेल्याची भाची आहे, बाई. मनाला लावून घेतलंय पोरीनं. त्या झाडांना करवत शिवलेली नाही."

"मग तुमची खुर्ची तिकडे ठेवते, काका," काडी म्हणाली. "इथे ऊन आहे."

पंडितनं तिचा दंड धरला. हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. पण तिनं शेंड्यांकडे पाहिलं, पान हलत नव्हतं. खुर्ची उचलली, झाडाच्या बाजूनं गेली, ती बरोबर खाचेसमोर ठेवली आणि पळत परत आली. तो शुद्ध वेडेपणा होता, आणि हे तिलाही माहीत होतं.

"बसा ना, काका."

ठेकेदार म्हणाला की त्याला उभंच राहायचं आहे. मग म्हणाला की असले पोरखेळ करायला त्याला वेळ नाही. तेवढ्यात मजुरांचा घोळका कुणी काही न बोलता मागे सरकला, आणि बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "मुलीचं समाधान होईल."

आता सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. तो निघाला. एक पाऊल टाकी आणि शेंड्याकडे बघे. खुर्ची अजून बरीच लांब होती, तरी मानेवरून घामाचे ओघळ निघाले होते. मागे लांब झुडपात ढोल्या एक वाळकी फांदी गुडघ्यावर घेऊन बसला होता; आधी ठरलं होतं ते एवढंच. त्यानं ती मोडली.

कडाड आवाज झाला मात्र, ठेकेदार 'मेलो' म्हणून जो उधळला तो मजुरांच्या पायाशी तोंडावर आपटला. मजूर हसले. त्याला उठायला कुणी हात दिला नाही. त्याचा मुलगा जीपपाशी उभा होता. तो हसला नाही. काडीला त्याची कीव यायला हवी होती, आली नाही.

बाईंनी बाजूनं जाऊन काठीनं चिखल पाडला. मग सगळ्यांना वाटेपासून लांब हाकललं आणि यंत्र मागवलं. दुपारी यंत्रानं दुरून पोलादी दोर लावून रांग ओढली. एक झाड दुसऱ्यावर गेलं, दुसरं तिसऱ्यावर, आणि सगळी मिळून ओढ्याच्या पायवाटेवर आडवी झाली. खुर्ची आणायला कुणी गेलं नव्हतं. तिचा एक पाय तेवढा नंतर सापडला.

बाईंनी तिघांना समोर उभं केलं. काडीला आधी त्या खुर्चीबद्दल सणसणीत बोलणी बसली, मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण शाबास. तुम्ही आला नसतात, तर मी चहा पिऊन परत गेले असते."

ठेकेदाराला जीपमध्ये बसवत होते. त्याचा ओठ फुटला होता. काडीजवळून जाताना तो थांबला.

"रांग मी लावायला सांगितली, खरं आहे. करवत कुणाच्या हातात होती, ते जरा मामाला विचार."

काडीनं मजुरांकडे पाहिलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले.

मामा भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. काडीनं त्याला सगळं सांगितलं. मग ठेकेदार काय म्हणाला तेही सांगितलं.

"होती माझ्याच हातात," मामा म्हणाला. कितीतरी दिवसांत तो पहिल्यांदा बोलत होता.

"त्यानं सांगितलं म्हणून?"

"त्यानं सांगितलं म्हणून. आणि लवकर उरकतं म्हणून. माझी रांग कधी फसली नव्हती."

"आम्ही रोज त्याच वाटेनं ओढ्यावर जात होतो."

मामानं तोंड तिच्याकडे वळवलं.

"बघत होतो रोज. वारा नसायचा, म्हणून बोललो नाही. चांगलं केलंस. तुला सगळे शाबास म्हणतील. ते खरं आहे, माझ्यापायी नाकारू नकोस."

दारात पंडित उभा होता. हातात बापासाठी आणलेला पाण्याचा पेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, पेला स्टुलावर ठेवला आणि चष्माही न पुसता निघून गेला.

स्टूल मामाच्या हाताला लागत नव्हतं. मामानं एकदा हात पुढे केला आणि परत घेतला.

काडीनं ते पाहिलं. थोडा वेळ तिनंही ते तसंच राहू दिलं. मग उठून तिनं स्टूल पुढे सरकवलं.