पडद्याखाली गेलेलं वाक्य

जयवंतीबाईंचं पत्र आलं, त्याला काल पाच आठवडे झाले. मी उत्तर दिलेलं नाही.

हे सांगायलाही लाज वाटते. कारण मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीत माझं कामच ते आहे. आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा आणि चौदा दिवसांत उत्तर गेलं नाही, तर इंजिनिअरांच्या मागे लागायचं. एकवीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही पत्र अडकलं नाही. हे एकच. त्याच्यावरही सवयीनं शिक्का मारला मी… ९ मार्च २०१४.

पत्राची शेवटची ओळ अशी आहे : ‘तर मग, कृष्णकांतराव, ते वाक्य कुणाचं होतं?’

ते वाक्य जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी बोललं गेलं. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक बंगाली चित्रपट दाखवणार होते; दुष्काळात सापडलेल्या एका खेड्याचा. बंगाली मी पुस्तकांवरून शिकलो. वाचता येतं, कान मात्र कच्चा. म्हणून चित्राखाली येणाऱ्या इंग्रजी ओळींच्या भरवशावर गेलो होतो. पण पडदा तोकडा निघाला, आणि सगळ्या ओळी पहिल्या रांगेतल्यांच्या डोक्यांवर पडू लागल्या.

“चित्र तरी पूर्ण दिसतंय ना! ॲडजस्ट करा मंडळी,” मंडळाचा धनंजय ओरडला.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी उभं राहिलं.

“इथे कुणी बसलंय?”

“नाही… म्हणजे, मी बसलोय. शेजारी नाही.”

“ते दिसतंय मला,” असं म्हणून ती बसली. पन्नाशीची असावी. खोबरेल तेलाचा मंद वास, आणि एसी सोसवत नसल्यानं गळ्याभोवती घट्ट लपेटलेली ओढणी.

पाच मिनिटांत ती कुजबुजली, “काय म्हणतोय हो हा?”

मी सांगितलं.

“अय्या, बंगाली येतं तुम्हाला?”

“ऐकलेलं… थोडंसंच कळतं.”

“मग थोडंसंच सांगा. पण जरा मोठ्यानं. तुमचं मराठीही बंगाली वाटतंय!”

तिनं कान माझ्याकडे झुकवला. मी सांगत गेलो. बाजारातून तांदूळ नाहीसा होतो. गावातली एक बाई भांड्यात नुसतं पाणी घालून चूल पेटवते; धूर दिसला की शेजाऱ्यांना वाटावं, हिच्याकडे शिजतंय. नवरा नावाडी, तांदूळ शोधायला गेलेला. चौथ्या दिवशी तो परततो, आणि त्याच्या गमछ्याच्या गाठीत दोन मुठी तांदूळ असतात. ती तांदळाकडे बघते. त्याच्याकडे बघते. मग एकच वाक्य बोलते.

माझ्या बाहीवर एक हात येऊन टेकला होता. बहुधा तिच्याही नकळत.

“काय म्हणाली?”

“म्हणाली… तुम्ही परत आलात. आता मला भूक नाही.”

दिवे लागेपर्यंत तो हात तिथेच होता.

बाहेर वेलचीचा चहा होता. मध्यंतरात मिळालेला समोसा माझ्या हातात तसाच, गार झालेला. असला चित्रपट बघताना खायचा तरी कसा?

“हा खाणार आहात, की पुरावा म्हणून ठेवणार?” तिनं तो मोडून अर्धा स्वतः घेतला. “मी जयवंती. सलालाहच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. ट्रेनिंगला आलेय आठवडाभर.”

“एकट्याच असता तिथे?”

“नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पण वर्गात चाळीस पोरं असताना एकटं कोण असतं! तुम्ही?”

“मी… पुस्तकं.”

“ती उलट उत्तर देत नाहीत. सोयीचं आहे!”

जाताना तिनं माझं नाव आणि कंपनीचा पत्ता लिहून घेतला, शाळेचा पोस्ट बॉक्स नंबर लिहून दिला. फोन नंबर विचारला, तर म्हणाली, “फोनवर तुम्ही नुसतं ‘हो… हो…’ म्हणाल आणि ठेवून द्याल. त्यापेक्षा लिहा.”

मी लिहिलं नाही. शेवटी तिनंच लिहिलं.

‘इथल्या एका बंगाली मॅडमनी त्या सिनेमाची डीव्हीडी दिली. या वेळी खालच्या ओळी दिसत होत्या. ती बाई म्हणते, “आधी दार लावा. शेजारच्या पोरांना कळेल.” मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. भयंकर आहे, पण तेच बरोबर वाटतं. भूक अशीच बोलत असणार. असो. करार वाढवणार का, असं शाळा विचारतेय. तीस एप्रिलच्या आत सांगायचंय. भाऊ देवरुखला ये म्हणतोय. तुमच्या उत्तरावर काही अवलंबून आहे असं नाही हं. तर मग, कृष्णकांतराव, ते वाक्य कुणाचं होतं?’

सुटका सोपी होती. ‘माझा कान कच्चा, ऐकण्यात चूक झाली, क्षमस्व.’ तिनं विश्वास ठेवला असता. हे मी चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा फाडलं. खरं लिहावं, तर पहिल्या ओळीपुढे जाईना. तिनं सहज विचारलं असेल तर? अठ्ठावन्नाव्या वर्षी हसं करून घ्यायचं? आणि त्याहून बोचत होतं ते हे, की उपाशी बाईच्या तोंडी मी माझ्या मनातलं घातलं होतं.

आज सकाळी मुस्तफा डोकावला. दापोलीचा, कंपनीचं टपाल तोच ने-आण करतो.

“दादा, चौदा दिवसांचा नियम फक्त इंजिनिअरांना काय?”

“कसला नियम?”

“सलालाहच्या पत्राचा. टपालाला आठवडा लागतो. तीस तारीख गाठायचीय ना?”

“तुला तीस तारीख कुणी सांगितली?”

“कॅलेंडरवर लाल गोल तुम्हीच केलात! अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. आम्हाला आधी वाटलं, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय; पण ते पत्रही तुम्ही त्या गोलाखालीच ठेवलंय. एक वाजता अझैब्याच्या पोस्टात चाललोय. द्यायचं तर द्या, नायतर खलास.”

मी कागद घेतला. टाइप केलं नाही.

‘जयवंती,

ऐकण्यात चूक नव्हती. तिचं वाक्य मला नीट कळलं होतं. तुमचा हात बाहीवर होता. “दार लावा” म्हणायला जीभ उचलेना, आणि माझंच वाक्य बाहेर पडलं. त्या बाईचा मी अपराधी आहे. पण वाक्य खोटं नव्हतं, फक्त तिचं नव्हतं. शक्य असेल तर सलालाहलाच राहा. मे महिन्यात मी बसनं येतो. बारा तास लागतात म्हणे. नको असेल तर कळवा… नको असं लिहिलंत, तरी तेही जपून ठेवीन.’

मुस्तफानं हात पुढे केला. “आणा इकडे.”

“नको. मी येतो.”

“पोस्टात? तुम्ही?” तो हसला. “यल्ला, चला, बसा गाडीत!”

पेटीपाशी पोचलो. पाकीट अर्धं आत, अर्धं माझ्या बोटांत. मागून मुस्तफानं हॉर्न दिला. एकदा… दोनदा.

मी बोटं सोडली.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज मात्र अगदी स्पष्ट ऐकला. इतकाही कच्चा नाही माझा कान.