जीपखालची हळद

"पिवळं! आज पण पिवळंच!"

अंगणात उभ्या असलेल्या जुन्या जीपखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते आणि ते थयथय नाचत होते. पाय दुर्गेश्वरीचे होते.

"अवं, काय पिवळं? नीट सांग ना!" तिचा मामेभाऊ ओमेश गुडघ्यांवर बसून खाली डोकावला.

"पाणी, बुद्धू! इंजिनातून गळलेलं पाणी. साधं पाणी पिवळं असतं का कधी? आणि वास घेऊन बघ!"

ओमेशची नऊ वर्षांची बहीण खुशी हिनं नाक थेट जमिनीला लावलं. "आईच्या भाजीचा वास येऊन राहिला!"

"हळद!" तिघंही एकदम ओरडली.

दुर्गेश्वरी सरपटत बाहेर आली. केसांत माती, गालावर ग्रीस! गोंदियाच्या शाळेतून आठवी पास होऊन ती सुट्टीत मामाच्या गावी, इटियाडोहच्या कालव्याकाठी आली होती. यंदा वक्तृत्वात पहिला नंबर काढल्यापासून तिला कुणासमोरही बोलायची भीती म्हणून वाटत नव्हती. आणि त्याच न भिण्यानं पाच दिवसांपूर्वी एक मोठा घोटाळा केला होता.

नात्यातल्या लग्नाला निघालेली ही जीप भर रस्त्यात भसकन वाफ सोडून बंद पडली होती. नटूनथटून बसलेले पाहुणे उन्हात उतरले. भैय्यालालमामा तापले. "कवडू, सकाळी पाणी टाकला होता का नाही?"

"टाकलो ना भाऊ," कवडूकाका म्हणाले. चौदा वर्षं तेच ही जीप चालवत होते.

तेव्हा दुर्गेश्वरी खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर बोलली होती, "नाही टाकलं! मी बघितलं ना! काका ओट्यावर बिडी ओढत बसले होते आणि बादली बाजूला रिकामीच पडली होती!"

मामांनी मग पाहुण्यांसमोर काकांना नाही नाही ते सुनावलं.  काकांनी दुर्गेश्वरीकडे एकदाच पाहिलं, चावी बॉनेटवर ठेवली आणि डांबरी रस्त्यानं चालू लागले. तेव्हा तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आता मात्र ती नजर आठवली की ती पुन्हा जीपखाली शिरत होती. कारण त्या दिवसापासून मामा स्वतः रोज पाणी भरत होते, आणि जीप तरीही तापत होती!

इतक्यात स्वयंपाकघरातून मंदामामींचा आवाज आला. "अवं पोरीहो, हळदीचा डबा कोणी नेला? अर्धा भरून होता, आता बूड दिसून राहिलं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय तमाशा चालू आहे गाडीखाली?" मामा खांद्यावर गमछा टाकून बाहेर आले.

"मामा, रेडिएटरमध्ये हळद कोणी टाकली?"

"हळद?" मामा मोठ्यानं हसले. जरा जास्तच मोठ्यानं! "हळद कायले टाकंल कोणी? गाडीचं लगन हाय का?"

ते ओट्यावर बसले आणि रोजच्यासारखी त्यांनी डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली. दुर्गेश्वरीच्या डोक्यात वीज चमकली. कोनाड्यातली चुन्याची डबी तिनं झटकन उचलून पुढे केली. "हा घ्या मामा, तुमचा चुना!"

"शहाणी माही भाची!" मामांनी नखानं चुना काढला आणि अंगठ्यानं तंबाखू मळायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा...

"बाबा, रक्त!" खुशी किंचाळली.

मामांचा तळवा लालभडक झाला होता! तंबाखू ओट्यावर सांडली.

"रक्त नाही गं," दुर्गेश्वरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. विज्ञानात होतं आम्हाला! मामा, सकाळी सकाळी तुमच्या हाताला हळद कुठून लागली?"

मामी हातात उलथनं घेऊन दारात उभ्या होत्या. मामांनी तळवा गमछ्याला पुसला. लाली काही गेली नाही.

"पाइपाले भेग पडली होती," ते अखेर म्हणाले. "वरच्या पाइपाले, रेडिएटरच्या. हळद पाण्यात फुगते, भेग बुजते. चार दिवस निघतात. कवडू होळीपासून मागं लागला होता, भाऊ, पाइप बदला. मी म्हटलो, लगनं निपटू दे."

"मग तुम्ही काकाले काऊन बोलले?" ओमेशचा आवाज चढला.

"पाहुण्यांसमोर लाज वाटली गा. आन् या पोरीनं सांगितलं, बादली रिकामी होती. मले सोपं झालं."

दुर्गेश्वरी ओट्याच्या कडेला बसली. मामांना पकडल्याचा आनंद कुठल्या कुठे पळाला.

"बादली रिकामी होती," ती हळूच म्हणाली. "रिकामी होती, कारण त्यांनी ती ओतली होती! पाणी टाकलं नसतं, तर ती भरलेली असती ना! मला एवढंसुद्धा कळलं नाही?"

 मामींनी उलथनं खाली ठेवलं. "आता कळून काय फायदा! कवडू आन् त्याची रुख्मा आज दोनच्या गाडीनं सालेकस्याले चालले, पोरीकडं. बिडीचा तेंदूपत्ता तोडाले. तिथंच राहतो म्हणे आता, वापस नाही येत."

"दोनची गाडी!" दुर्गेश्वरी ताडकन उठली. "मामा, जीप काढा! स्टेशनवर जायचं!"

"अशी तापणारी? पंधरा किलोमीटर? उद्या मिस्त्री येईल, तो पाइप..."

"उद्या काका नसतील! मिस्त्री कशाला? आम्ही बदलतो!"

ओमेश पाने-पेचकस काढायला ड्रायव्हरच्या सीटखाली शिरला. तिथून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी बाहेर ओढली. आत कोराकरकरीत, काळा, वाकडा रबरी पाइप होता आणि दोन नव्या क्लिपा.

मामा बघतच राहिले. "कवडूनं आणूनबी ठेवला होता!"

मग कामाला असा धडाका लागला! इंजिन थंड होतं, हे बरं. "गरम असताना झाकणाले हात लावाचा नाही, वाफ तोंडावर येते," हे काकांनीच मागच्या उन्हाळ्यात शिकवलं होतं. ओमेशनं खाली घमेलं ठेवून रेडिएटरचा खालचा नळ सोडला. हळदीच्या कढीसारखं पाणी बाहेर आलं.

"वाढू का कुणाला?" ओमेश म्हणाला. एरवी दुर्गेश्वरी पोट धरून हसली असती.

जुन्या क्लिपा सुटल्या, पण पाइप हलेना! खुशीनं ओढला, ओमेशनं ओढला.

"ओढू नका! रेडिएटरचं तोंड तुटेल!" दुर्गेश्वरी ओरडली. "काका पिरगाळायचे, आठवतं?" तिनं पाइप डावीकडे पिरगाळला, उजवीकडे पिरगाळला, आणि पक्! तो निघाला. आतून हळदीचे गोळे चिकटलेले. बाहेरून, अगदी भेगेवर, सायकलच्या ट्यूबची पट्टी सुतळीनं घट्ट बांधलेली. प्रत्येक वेढा एकाला एक लागून, जसा काकांच्या पगडीचा असायचा तसाच.

"लगनाच्या दिवशी सकाळीच बसून बांधली होती त्यानं," मामा पुटपुटले. "मग पाणी भरलं."

दुर्गेश्वरीनं ती पट्टी सुतळीसकट सोडवून खिशात ठेवली.

रेडिएटरचं तोंड त्यांनी घासून साफ केलं. नवा पाइप दोन्ही टोकांना गच्च बसवला आणि तिघं टाळ्या पिटणार, तोच खुशी म्हणाली, "ताई, या काय करायच्या?" तिच्या दोन्ही मनगटांत बांगड्यांसारख्या क्लिपा होत्या!

"अरे यार! या आधीच पाइपावर चढवायच्या असतात!"

पुन्हा काढा, पुन्हा बसवा! शेवटी क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवून मामांनी इंजिन सुरू केलं. बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, आणखी ओतलं. पाइपाखाली तीन डोकी टक लावून बसली. एक थेंब नाही!

स्टेशनच्या कुंपणाशी जीप थांबली तेव्हा दोनला दहा कमी होते. कडुनिंबाखाली कवडूकाका आणि रुख्माकाकू बोचकी घेऊन बसले होते. दुर्गेश्वरी धावत गेली.  तिनं खिशातली पट्टी पुढे केली.

"काका, बादली रिकामी होती, कारण तुम्ही पाणी टाकलं होतं. मी चुकले. सगळ्यांसमोर चुकले."

काकांनी पट्टी घेतली नाही. ते उठले, जीपपाशी गेले आणि मामांकडे न बघता त्यांनी बॉनेट उघडलं. पाइपावरून हात फिरवला. मग ओमेशच्या हातातला पेचकस घेऊन एक क्लिप पाव फेरा आवळली.

"मस्त बसवली. कोण बसवलं?"

"आम्ही!" खुशी म्हणाली.

"कवडू," मामांनी चावी पुढे केली. "मी लबाडी केलो. पाइप तूच म्हणत होता. चल घरी. ज्या पाहुण्यांसमोर बोललो, त्यांच्यासमोरच माफी मागतो."

"मागा भाऊ. मागाच." काकांनी चावीला हात लावला नाही. "पण मी नाही येत. चौदा वर्सं तुमची लेकरं या गाडीत नेलो-आणलो. एकडाव माह्याकडं पाहून इचारलं असतं, तं मी रागानं गेलो नसतो."

लांबून गाडीची शिटी ऐकू आली. रुख्माकाकूंनी बोचकं डोक्यावर घेतलं. काका दुर्गेश्वरीसमोर वाकले.

"तू खोटं नाही बोलली वं पोरी. जे पाह्यली, तेच सांगली. फक्त मले इचारली नाही, बादली रिकामी काऊन?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग ती पट्टी तिच्या मुठीतून अलगद काढून घेतली. गाडी आली, दोघं चढले, गाडी गेली.

परतीच्या वाटेवर तापमानाचा काटा एकदाही लालवर गेला नाही. "मिस्त्रीलेबी एवढा साफ जमला नसता!" मामा म्हणाले. "आन् मले पकडलं कसं बरोबर! शाबास पोरंहो!" संध्याकाळी मामींनी मुलांचा पराक्रम अख्ख्या गावाला सांगितला, आणि मामांनीही मान खाली घालून स्वतःची लबाडी सांगितली. शेजारच्या सुलोचनाबाईंनी तर दुर्गेश्वरीची दृष्ट काढली. ती हसली, पण तिला शाबासकी नको होती. तिला ते पाच दिवस परत हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बादली भरली, थंड रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ, नितळ! जमिनीवर डाग नाही. ती भरलेली बादली तशीच बाजूला ठेवून ओट्यावर बसली, काका बसायचे तिथे.

खुशी डोळे चोळत बाहेर आली. तिनं बादलीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ताई, बादली भरून काऊन हाय? पाणी टाकली नाही का?"

दुर्गेश्वरीनं तिला जवळ ओढून बाजूला बसवलं.

"विचारलंस ना," ती म्हणाली, "फार बरं केलंस."