डाव्या हाताचं प्लास्टर

प्लास्टर कापणाऱ्याला हातापेक्षा कान लागतो. कटर घरघरत प्लास्टर संपवतो, पातं कातडीला टेकतं आणि आवाज मऊ पडतो. तिथे थांबायचं. कातडी कापली जात नाही, नुसत्या गुदगुल्या होतात, हे मास्तर वीस वर्षं घाबरलेल्या पेशंटांना सांगत आला होता. दवाखान्यात त्याला सगळे मास्तरच म्हणत. सहा आठवडे कोंडलेला हात कसा निघतो हेही त्याला पाठ होतं. वाळक्या शेंगेसारखा, पांढुरका, कोंडा सुटलेला.

आज टेबलावर त्याची मुलगी होती.

तिचा डावा हात जन्मापासून बारीक. ती कामाला होती त्या गोदामात तिला ‘अर्धी’ अशी हाक मारायचे आणि ती हसून ओ द्यायची. ते हसणं बापाला टोचायचं. म्हणून ती एका नव्या इंजेक्शनच्या चाचणीत गेली तेव्हा त्याने अडवलं नाही. स्नायू वाढवणारं जनुक, फक्त डाव्या हातात. सोळा पानांवर सह्या घेतल्या. काही विचारायला गेलं की सगळे साहेब जेवायला गेलेले. तीन महिन्यांत हात भरला. मग एका सकाळी बादली उचलताना स्नायूनेच ओढून हाड मोडलं.

नियमाने चाचणीवाल्यांना तेव्हाच कळवायचं होतं. “कळवलंत तर मला काढून टाकतील, बाबा,” ती म्हणाली. बापाने गुपचूप स्वतःच प्लास्टर घातलं.

“लवकर करा,” ती आता म्हणाली. “आत कुणीतरी कूस बदलतंय असं वाटतं.”

“खाज असेल. सगळ्यांना येते.”

“खाज मला कळते हो.”

प्लास्टरला लांब चीर गेली होती. आतून. त्याने ती पाहिली. कटर लावला.

घरघर. पांढरी भुकटी उडाली. आवाज मऊ पडण्याची तो वाट पाहत राहिला. आवाज बदलेना. एवढं जाड प्लास्टर त्याने घातलंच नव्हतं. त्याने कटर उचलला.

प्लास्टर केव्हाच संपलं होतं. खाली कातडीवर पाटीवर ओढावी तशी कोरडी पांढरी रेघ. रक्त नाही.

“लागलं का गं?”

“नाही. झालं?”

त्याने दोन्ही हातांनी प्लास्टर फाकवलं. हात जाडजूड निघाला, गुलाबी, तुकतुकीत. कोंड्याचा कण नाही. त्या हाताने त्याचं डावं मनगट धरलं.

“सोड, बाळा. दुखतंय.”

“मी नाही धरलंय.”

उजव्या हाताने ती एकेक बोट उचकटू लागली. एक उचललं की दुसरं घट्ट.

मनगटात काहीतरी कडकन वाजलं.

त्याने मोकळ्या हाताने कटर ओढला. कापायला नव्हे. पात्याची थरथर लागून मनगट सुटलं तर सुटलं.

बटण दाबलं. आवाज आला नाही.

पुन्हा दाबलं.

“बाबा, करा ना काहीतरी,” ती रडत होती. तिची नजर डाव्या हातावरून हलत नव्हती.

तिचा उजवा हात तिथे नव्हता. इंजेक्शन न दिलेला, चांगला, सगळा जन्म तिचाच असलेला हात. त्या हाताने भिंतीतला प्लग उपसला होता आणि तिच्या नकळत तो कटरची वायर सावकाश, नीट गुंडाळत होता.