नववा खांदा

दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. आणि त्या वह्या मिटा. उद्या पहिल्यांदाच तुकडीला ऑर्डर द्यायचीय, म्हणून घोकंपट्टी चाललीय ना? परिस्थिती काय, काम काय, करायचं कसं... पाठ होईल ते. पोपटालाही होतं. मी सांगतो ते ऐका. माझ्या ओळखीच्या एका हवालदाराच्या बाबतीत घडलंय. मी तेव्हा शेजारच्या तुकडीत होतो.

त्याच्या हाताखाली नऊ जण. नववा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. रांगेत कायम शेवटी, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणायचे. पोरगं भलतंच गरीब, त्या नावालाही ओ द्यायचं. घरून निघताना बायकोनं हवालदाराला दारात अडवून सांगितलं होतं, "तुमच्या हवालदारकीचं मला काही सांगू नका. माझ्या भावाला मोजल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही." त्यानं हसत हसत शब्द दिला होता.

सतरा तारीख, मंगळवार. चंद्र पहाटे चारला उगवणार होता. रात्री आठला साहेबांनी बोलावून काम दिलं. तसं किरकोळच. गावाबाहेरच्या रस्त्यानं दोन किलोमीटर जायचं, ओढ्यावरचा पूल गाडी पेलेल का ते बघायचं आणि उजाडायच्या आत परत यायचं. निघायचं अकराला. म्हणजे हातात तीन तास.

आता नियम तुम्हाला माहीतच आहे. मिळालेल्या वेळातला एक हिस्सा आपल्या बेताला, दोन हिस्से जवानांच्या तयारीला. पण साहेबांनी दोनदा बेत बदलला. एकदा डावीकडून जा, एकदा उजवीकडून. हवालदार बाहेर पडला तेव्हा घड्याळात दहा चाळीस झाले होते.

त्याची आणि आमची तुकडी एकाच रिकाम्या घरात उतरली होती. मधल्या खोलीत फरशीवर त्यानं घाईघाईनं नकाशा मांडला. रस्ता म्हणून दोरी, घरं म्हणून काडेपेट्या, ओढा म्हणून निळी चिंधी. टॉर्चवर लाल कागद. नऊ जण उकिडवे बसले. कुणी पुढे, कुणी मागे, गोळी आली तर काय, सगळं त्यानं भराभरा सांगितलं. एरवी तो प्रत्येकाकडून त्याचं काम वदवून घ्यायचा. त्या दिवशी नाही घेतलं. वेळच नव्हता.

"काही शंका?"

तो उठणार, तेवढ्यात मागच्या अंधारातून आवाज आला. "पांगलो तर जमायचं कुठं?"

एवढी मोठी गोष्ट सांगायची राहिली होती! ऑर्डरमधलं सगळं विसरलात तरी चालेल बाबांनो, पण हे नाही. त्यानं काडी उचलून फरशीवर टेकवली. "ओढ्याअलीकडच्या पाण्याच्या मोडक्या टाकीपाशी. अर्धा तास वाट बघायची. मग मोजणी आणि परत." प्रश्न विचारणारा शेपूटच असणार, असं वाटून त्याला जरा अभिमानही वाटला.

पुलापर्यंत सगळं सुरळीत झालं. एक वाजला होता. पूल शाबूत होता. हवालदार मागे वळला आणि समोरच्या काठावरून गोळीबार सुरू झाला. दहाच्या दहा जणांनी ओढ्यात उड्या टाकल्या. कंबरभर पाणी. मग ज्याला जिकडे वाट दिसली तिकडे तो पळाला.

एक चाळीसला हवालदार टाकीपाशी पोचला. अंधारात माणसं गुडघ्यांवर बसलेली, गोल करून, तोंडं बाहेर. शिकवल्याप्रमाणं. त्याच्या जिवात जीव आला. पण ओढ्यापलीकडचे शत्रू जवळच होते. बोलणं ऐकू येत होतं. आवाज काढायची सोय नव्हती. नाहीतर प्रत्येकानं आपला नंबर कुजबुजायचा असतो. त्यानं हातानंच मोजलं. खांद्याला हात लावत.

एक. ओला. थरथरत होता.

दोन... तीन... चार. सगळे ओलेचिंब.

सात. आठ.

नऊ.

नववा खांदा कोरडा होता.

कोरडा... आणि गार. दगडासारखा. हवालदाराचा हात क्षणभर तिथंच राहिला. लेकाचा पाण्यात उतरलाच नाही वाटतं, असं त्याच्या मनात आलं. नाव विचारावं, असंही आलं. त्यानं नाही विचारलं. नऊ भरले होते ना. तो येऊन दहाच मिनिटं झाली होती; अर्धा तास भरायला अजून वीस होती, पण तो थांबला नाही.

"चला," त्यानं खूण केली.

तीन वीसला ते घरात शिरले. हवालदारानं दार लावलं, टॉर्च पेटवली.

आठ.

त्यानं पुन्हा मोजले. आठच.

"शेपूट कुठाय?"

त्यानं टॉर्च एकेकाच्या तोंडावर फिरवली.

"अरे, टाकीपाशी नऊ होते! मी हात लावून मोजलेत. तुझ्या मागे कोण होता?"

आठवा जवान भिंतीला टेकला. "मला वाटलं शेपूटच. वळणापर्यंत पावलं ऐकू येत होती, साहेब... मग नाही आली."

"जमायची जागा कुणी विचारली होती? शेपटानंच ना?"

मग एकजण हळूच म्हणाला, "कुणीच नाही विचारली, साहेब. तुम्ही आपणहूनच सांगितलीत."

हे सगळं ऐकत आतल्या दारात आमचा जुना स्वयंपाकी उभा होता. त्या घरात आमच्या आधी असलेल्या तुकडीबरोबरही तोच होता. तो म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात त्यांची तुकडी याच रस्त्यावर पांगली. जमायची जागा ठरलीच नव्हती. एकजण राहिला बाहेर. रात्रभर आवाज देत होता म्हणे. कुठं येऊ, कुठं येऊ..."

हवालदार मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी त्याला मोजलाच नाही," एवढंच म्हणत राहिला. "तिला काय सांगू? मी दुसऱ्यालाच मोजून आणला."

मग उठला आणि तसाच बाहेर पडला. एकटा. गलका ऐकून आलेले साहेब ओरडत राहिले. मी मागे धावलो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

चंद्र उगवला होता. टाकीपाशी कुणी नव्हतं. हवालदार हाका मारत होता. नंबरानं नाही, शेपूट म्हणूनही नाही. पाळण्यातल्या नावानं. शत्रू ऐकतील याचीही त्याला शुद्ध नव्हती. मी त्याचं तोंड दाबून धरलं... माझा हात भिजला.

टाकीमागे नुकतंच नांगरलेलं शेत होतं. त्यात बुटांचे ठसे उतरले होते. दोन माणसांचे. एकाची टाच बाहेरून झिजलेली. हवालदारानं ती बघताक्षणी ओळखली, शेपटाचीच. तो पाय फरपटत चालला होता. म्हणजे पोरगं जखमी होतं. पण आलं होतं टाकीपाशी. उशिरा का होईना, आलं होतं.

दुसरे बूट त्याच्या अगदी शेजारी. वीसेक पावलं दोघं बरोबर.

मग शेपटाचे ठसे थांबले.

पुढं एकाचेच. पण दुप्पट खोल. पाठीवर माणूस घेतल्यावर उमटतात ना... तसे. आमच्या घराच्या दिशेनं निघालेले, सरळ.

आम्ही त्यांच्यामागं चालत गेलो. शेताच्या मधोमध शेवटचा ठसा होता. त्याच्यापुढं चारी बाजूंना माती तशीच. कुणाचं पाऊलही न पडलेली.