चार्जिंगला कोण विचारतं?

स्नेहल भज्यांचं ताट घेऊन बंगल्याच्या गच्चीवर निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं, की पाहुण्यापर्यंत पोचेस्तोवर भजी गार होऊ नयेत. पण शेवटच्या पायरीवर तो आवाज कानी पडला, आणि पाय जागच्या जागी थांबले.

"नमस्कार मंडळी! आज आपल्यासमोर घडीचे दोन फोन. काळा इतका बारीक, की खिशात आहे हेच विसराल. हिरवा मात्र जरा जाडजूड… उघडला की मधोमध घडीची रेघही दिसते…"

पत्र्याच्या शेडखाली पिवळं जर्किन घातलेला एक तरुण कॅमेऱ्यासमोर बोलत होता. मागे विसापूरचा डोंगर ढगात बुडालेला, पाऊस तिरका येऊन कठडा भिजवत होता, आणि हा पठ्ठ्या दोन्ही हातांत दोन फोन धरून त्यांची उघडझाप करत होता. बुकिंग त्याच्या मित्राच्या नावावर होतं, त्यामुळे सकाळी किल्ली देतानाही आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, काही कळलं नव्हतं. पण स्नेहलला तो आवाज झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

"तुम्ही प्रज्ञेश ना? वराळ्याचे? फोनचे व्हिडिओ करणारे?"

त्याने कॅमेरा थांबवला. चेहरा खुलला, केसांवरून हातही फिरला. "हो! सेल्फी घ्यायचाय का?"

"सेल्फी?" स्नेहलने ताट टेबलावर आपटलं. दोन भजी उडून खाली पडली. "मला जाब हवाय तुमच्याकडून!"

बिचाऱ्याचा हात केसांतच राहिला.

तिने कुर्त्याच्या खिशातून आपला फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याच काळ्याचं आधीचं मॉडेल. "हा ओळखता?"

"अरे वा! एक ओरखडा नाही. छान वापरलाय."

"वापरायला मिळतोय कुठे? सदान्‌कदा बंद असतो! तुमचा व्हिडिओ बघून घेतला मी हा. सीझनची सगळी कमाई घातली. तुम्ही म्हणालात, चार्जिंगला कोण विचारतं, रात्री लावा आणि झोपा. म्हणालात की नाही?"

"म्हणालो असेन… पण लोक तसंच तर करतात—"

"कुठले लोक? तुमच्या सोसायटीतले? आमच्याकडं पाऊस लागला की लाईट दिवसातून चार वेळा जाते. येते ती पाहुणीच असल्यासारखी येते, बसते न बसते तोच निघाली!"

"पण बंगल्याला तर इन्व्हर्टर आहे," तो चाचरत म्हणाला.

"बंगल्याला आहे. आम्हाला न्हाई." चिडली की तिच्या कॉलेजच्या मराठीतून घरची मराठी डोकावायची. "इन्व्हर्टरची लाईन पाहुण्यांच्या खोल्यांना. राखणदाराच्या खोलीला नाही. आणि पाहुण्याच्या भिंतीला आपली वायर लावायची नाही, हा आमच्या आबांचा नेम. मालक तिकडं पुण्यात बसलेला असतो, तरीसुद्धा!"

मग तिने थांबायचं नाव घेतलं नाही. तीन बंगल्यांची बुकिंगं ती एकटी बघायची. फोन उघडला की अर्ध्या पडद्यावर खोल्यांचे फोटो, अर्ध्यावर तारखा. मिटला की खिशात टाकून हात पिठात घालायला मोकळी. एवढ्यासाठी घेतला होता तिने घडीचा फोन, मिरवायला नव्हे. आणि गेल्या महिन्यात एक मोठा ग्रुप मळवली स्टेशनावर भिजत उभा राहून फोन करत बसला, आणि हा फोन मेलेला पडून होता. ग्रुप दुसऱ्याच बंगल्यात गेला. मालक आले, आणि चार लोकांदेखत आबांना म्हणाले, तुमच्या मुलीला हे काम झेपत नाही.

"मला बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं," स्नेहलचा आवाज हलला. "आबांना बोलले. आबा मान खाली घालून उभे होते. का? तर तुम्ही गोड आवाजात काहीतरी ठोकून दिलंत म्हणून!"

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. प्रज्ञेश फोनकडे बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. असं बघण्याचं काही कारण नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला.

"काय बघताय?"

"मला एक करू द्या," तो म्हणाला. "दोन्ही फोन मी मुद्दाम रिकामे करून आणलेत. चार्जिंगची चाचणी उद्या घरी करणार होतो. ती आज… तुमच्या खोलीत करू या?"

राखणदाराच्या खोलीत पाहुणा येऊन चटईवर बसलेला बघून आबा दारातच अडखळले. खांद्यावर इरलं, हातात कोयता. "अवो पावनं, तुमी हितं कशाला? तितं वर सोफा हाय की!"

"आबा, ते परीक्षा द्यायला आलेत," स्नेहल म्हणाली.

"कसली परीक्षा?"

"माणुसकीची."

आबांनी लेकीचा चेहरा पाहिला, काय समजायचं ते समजले, आणि कोयता उचलून बांधाकडे निघून गेले.

लाईट आली तेव्हा दोन्ही फोन एकाच बोर्डाला लागले. मग वाट बघणं आलं. स्नेहल चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसली, मुद्दाम पाठ करून. पण पाठीलाही कळतंच की कोणीतरी बघतंय म्हणून.

"तुमची भाकरी फुगली," तो म्हणाला.

"भाकरीचा व्हिडिओ नका करू. तिच्याबद्दल तरी खोटं बोलू नका."

"मी खोटं नाही बोललो हो!" आता तोही जरा चिडला. "आमच्या सोसायटीला जनरेटर आहे. लाईट गेलेली आम्हाला कळतसुद्धा नाही. मला खरंच वाटलं, कोण विचारतं…"

"एकाच मावळात राहतो आपण. एवढं तरी ठाऊक असावं."

तेवढ्यात पंखा घरघरून थांबला. लाईट गेली, नेहमीसारखीच, काही न सांगता. त्याने दोन्ही फोन उचलले. हिरवा अर्ध्याच्या वर भरला होता; संध्याकाळपर्यंत आरामात पुरला असता. काळा जेमतेम डोळे उघडून बसला होता.

"चुकलं माझं. व्हिडिओत हे सांगायला हवं," प्रज्ञेश पुटपुटला. मग म्हणाला, "काळ्याच्या कंपनीने मला विचारलंय. त्यांचे सगळे नवे फोन आधी माझ्याकडे येतील. आंबीच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून मला हेच काम करता येईल. हा व्हिडिओ त्यांना आवडला तर."

"आणि नाही आवडला तर?"

"मग शिफ्ट."

स्नेहलची भाकरी तव्यावर करपायला लागली. आता काय म्हणावं माणसाने? सकाळपासून जिच्यासाठी ती भांडत होती ती गोष्ट हाताशी आली होती, आणि तिलाच ती नकोशी झाली. तिने भाकरी उलटवली आणि तव्याकडेच बघत म्हणाली, "राहू द्या मग. मला एकटीला कबूल केलंत ना… पुरे झालं. नका बोलू."

"काय?" प्रज्ञेश ताडकन उभा राहिला. "एवढं ऐकवलंत आणि आता राहू द्या? सगळ्यांदेखत बोललेलं कोपऱ्यात बसून मागे घेऊ? एवढा हलका माणूस वाटलो मी तुम्हाला?"

"अहो, तुमच्याच भल्याचं—"

"माझं भलं मी बघतो! तुम्ही रागवा, तेच बरं होतं!"

आणि खरंच, त्याने काळा फोन उघडून खिडकीच्या फळीवर टेकवला. त्याचं चॅनेल त्याच फोनवर होतं. तिथंच, त्या धुरकट खोलीत, त्याने लाइव्ह सुरू केलं. स्नेहल पिठाचे हात घेऊन कॅमेऱ्याच्या बाहेर भिंतीला चिकटली. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं, की तेसुद्धा ऐकू जाईल अशी तिला भीती वाटली.

"मंडळी, गेल्या वर्षी मी म्हणालो होतो, चार्जिंगला कोण विचारतं. ते माझं चुकलं. बारीकपणा, घडीची रेघ, बिजागरी… सगळं मोजलं मी, आणि ज्याच्यावाचून कोणाचं तरी काम अडतं तेच सोडून दिलं. तुमच्या घरी लाईट टिकत असेल तर काळा घ्या, फोन सुरेख आहे. पण जिथं वीज तासभरसुद्धा थांबत नाही, तिथं हिरवाच. रेघ दिसली तर दिसू द्या! माझं ऐकून ज्यांनी फोन घेतला आणि ज्यांच्या घरच्यांना त्यापायी चार लोकांदेखत बोलणी खावी लागली, त्यांची मी माफी मागतो. आणि हे ज्या मुलीने मला तोंडावर सांगितलं… भजी आपटून सांगितलं… तिला मला सांगायचंय, की—"

पडदा काळा झाला.

खोलीत फक्त चुलीतली लाकडं तडतडत राहिली. प्रज्ञेश त्या मेलेल्या फोनकडे बघत उभा होता, तोंड अर्धवट उघडं.

"की काय?" स्नेहलने विचारलं.

"बंद पडला…"

"फोन बंद पडलाय! तुम्ही कशाला बंद पडलात?"

तो वळला. कॅमेऱ्यासमोर घडाघडा बोलणारा हा माणूस आता जर्किनच्या चेनशी चाळा करत होता. कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या.

"मला तुम्ही आवडता," तो शेवटी म्हणाला. आवाज जराही गोड नव्हता, पार फाटलेला होता. "सकाळपासून. म्हणजे… ताट आपटलंत तेव्हापासून."

"सकाळपासून?" स्नेहलचा संताप आता कुठे खरा उसळला. डोळे भरून आले, त्याचाही राग आला, आणि पिठाच्या हातानेच तिने ते पुसले. "सकाळपासूनचं काय कौतुक सांगता? मी वर्षभर तुमचे व्हिडिओ लावून हितं एकटी भाकऱ्या थापतीय! मला काय करायचे होते हो रोजचे नवे फोन? मला एक पुरतो! एवढं सगळं ऐकलं ते कशासाठी ऐकलं, आं?"

प्रज्ञेश एक पाऊल पुढे आला. तिच्या गालाला लागलेलं पीठ पुसावं म्हणून हात उचलला… आणि धीर न होऊन मध्येच थांबला.

"पुसा आता," ती रागानेच म्हणाली, "का त्यालाही वर्ष लावताय?"