एकच आली, एकच चालली

रिद्धीचा एकही फोटो धड आलेला नाही, हे विनयाचं जुनं दुखणं. पोरगी चार वर्षांची आणि पायाला भिंगरी. 'इकडे बघ' म्हणेपर्यंत ती कुठल्या कुठे पोचलेली असायची. त्यामुळे विनयाच्या फोनमधल्या प्रत्येक वाढदिवसाला केक स्पष्ट, फुगे स्पष्ट, शेजारपाजारची पोरं स्पष्ट, आणि मधोमध फ्रॉकच्या रंगाचा एक पुसट फराटा. तो फराटा म्हणजे रिद्धी. विनयाला तो इतका सवयीचा झाला होता की नुसत्या फराट्यावरून ती सांगायची, इथे हसत होती, इथे रुसून पळाली होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," विपुल म्हणायचा. "फोन ठीक आहे गं. पोरीला एका जागी बसव."

"तू बसवून दाखव, मग मी नवा फोन मागणार नाही," विनया म्हणायची, आणि वाद तिथेच राहायचा.

शेवटी तोड काढली जितेशने. विपुलचा हा धाकटा भाऊ आईबरोबर सांडोरच्या घरी राहायचा आणि नुकताच त्याने नवा फोन घेतला होता. "वहिनी, रविवारी या. माझा फोन दिवसभर वापरा, रात्री घेऊन जा, सोमवारी दिलात तरी चालेल. पळत्या पोराला पकडतो हा, अंधारात पण. पटला तर असाच घ्या, नाही तर विषय संपला." म्हणून त्या रविवारी विनया लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून गोखिवऱ्याहून सांडोरला निघाली. सगळ्या वाटेने रिद्धीची बडबड चालू होती.

घरामागे सासूबाईंची, विमलाबाईंची, वाडी होती. राजेळी केळी, कडेला अळू, आणि टोकाला बावखल, हिरव्या पाण्याचं जुनं तळं. बावखलाच्या काठी केळीचं एक बेट होतं, त्याला कोणी कोयता लावायचा नाही. घड जागीच पिकून गळायचे, सुकलेली पानं खोडाला लोंबत राहायची.

त्या बेटाखाली रिद्धीची जुळी बहीण होती. पाचवी पुजायच्या आधीच ती गेली. विमलाबाईंनी तिला तिथे मातीत ठेवलं आणि सुनेला बजावलं, "नाव न ठेवता गेलेलं पोर वाट बघत असतं गो. आपलं म्हटलंस की ते उठून मागे येईल. कोणी विचारलं तर सांगायचं, आमची एकच." तेव्हापासून रिद्धीला वाडीतून बाहेर नेताना विमलाबाई फाटकाशी थांबून मोठ्याने म्हणायच्या, "एकच आली, एकच चालली." मगच फाटक लागायचं. विनया मान खाली घालून ऐकायची. आपल्याच पोटच्या पोरीला आपण दर वेळी दारातून परतवून लावतो, असं तिला वाटायचं, आणि ते कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

त्या दिवशी मात्र ती फोनच्या नादात होती. ऊन उतरलं, वाडीत कोंदट सावली पसरली, केळीच्या चिकाचा आणि कुजक्या पानांचा वास दाटला. गुलाबी फ्रॉक घालून रिद्धी खोडांमधून पळत होती. विनयाने आधी आपल्या फोनने फोटो काढला. आला फराटा. मग जितेशच्या फोनने काढला, आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. हवेत उडालेले केस, हेलकावणारं कानातलं, घामाचा थेंबसुद्धा दिसत होता. चार वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या लेकीचा पळतानाचा चेहरा पाहिला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. घ्यायचाच हा फोन, विपुल काही म्हणो.

तिने भराभर फोटो काढले आणि बावखलाच्या पायरीवर बसून ते बघू लागली. तेवढ्यात पडद्यावर दोन गोल आले. एका गोलात रिद्धीचा हसरा चेहरा. दुसऱ्यात पुन्हा रिद्धीच, जरा काळपट, गालावर पानाची सावली. खाली फोनने विचारलं होतं, 'या दोन्ही एकच व्यक्ती आहेत का?'

"एवढा महागाचा तू, आणि एवढंही कळत नाही?" विनया हसली आणि 'हो' वर बोट ठेवलं. दोन्ही गोल एकमेकांवर सरकले आणि एक झाला.

वाडी एकदम गप्प झाली. रातकिडे होते, तेही थांबले. रिद्धीची पावलं वाजत नव्हती.

"रिद्धी... चल गं, उशीर होतोय."

एरवी दहा हाका मारल्या तरी न येणारी पोर पहिल्या हाकेला आली. त्या बेटामागून आली, चालत आली, आणि तिने आईच्या हातात हात दिला. हात गार होता, ओल्या मातीने माखलेला. फाटकाशी विमलाबाई उभ्या होत्या. "एकच आली, एकच चालली," त्या म्हणाल्या आणि कडी लावली. जाताना रिद्धीने आजीला टाटा केला नाही.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर पुढे ती सरळ उभी होती. एक शब्द नाही. पोर दमली असेल, विनयाने मनाची समजूत घातली. घरी आल्यावर ती सोफ्यावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

"अरे वा! आज कोणीतरी शहाणं झालंय," विपुल म्हणाला.

"भूक लागली का गं?" विनयाने विचारलं.

"हो, आई."

एवढंच. विनया फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. तो सुंदर फोटो तिला पुन्हा बघायचा होता, चित्त थाऱ्यावर आणायला. तिने तो उघडला, मोठा केला. समोर रिद्धी पळत होती. मागे, केळीच्या दोन खोडांमध्ये, रिद्धी उभी होती. तोच चेहरा, तेच डोळे, अंगावर फक्त लोंबणाऱ्या पानांचा काळोख. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. एकाच फोटोत दोघी.

विनयाने फोन ओट्यावर ठेवला. त्या गोलांत काय विचारलं होतं आणि आपण कशाला 'हो' म्हटलं, ते तिला आत्ता समजलं. नाही, फोनची चूक असेल. अंधारात ही यंत्रं मनानेच काहीबाही भरतात, असं विपुल म्हणायचा... तिने आपला जुना फोन उचलला. बाहेरच्या खोलीतला दिवा मंद होता. असल्या उजेडात त्या फोनने रिद्धी कधी पकडली नव्हती.

"रिद्धी, इकडे बघ."

ती बघत होतीच.

फोटो स्पष्ट आला. पापणीचा केस न् केस दिसत होता. जुन्या फोनमध्ये दोष कधी नव्हताच. पोर हलत नव्हती, एवढंच.

"कुठे निघालीस आता?" विपुलने विचारलं.

"भावजींचा फोन... आजच परत देऊन येते." ती मागे न बघताच जिना उतरली.

सांडोरला पोचली तेव्हा विमलाबाई कंदिलासारखा चार्जिंगचा दिवा हातात धरून फाटकाशीच उभ्या होत्या, जणू कोणाची वाट बघत.

"आलीस गो? मघापासून केळीत काहीतरी खसखसतंय. मांजर म्हणावं तर मांजर नाय... रिद्धी घरी हाय ना?"

विनयाने कडी काढली. ती फाटकातून आत गेली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, फक्त ओल्या मातीचा वास आणि बावखलाच्या पाण्याचा गारवा. तिने जितेशचा फोन समोर धरला. 'स्थिर धरा,' पडद्यावर आलं. तिने दोन्ही कोपरं पोटाशी आवळली आणि श्वास रोखला.

फोटो आला. काळ्याकुट्ट अंधारातून फोनने सगळं उजेडात काढलं होतं. पानाची शीर न् शीर, खोडावरचा वाळलेला चीक, पाण्यावरचं शेवाळ, सगळं स्वच्छ. आणि पळत्या माणसाला पकडणाऱ्या त्या फोटोत, बेटाच्या बाजूला, एकच गोष्ट पुसट होती. एक गुलाबी फराटा.

तिने तो ओळखला. चार वर्षं ती तोच तर बघत आली होती. हा हसत पळण्याचा नव्हता, रुसून पळण्याचा नव्हता. हा घाबरून आईकडे पळण्याचा होता.

"रिद्धी..." तिने हाक मारली. खोडांमध्ये खसखस झाली आणि थांबली. तिने पुन्हा फोटो काढला. फराटा जवळ आला होता, पण फाटकाच्या अलीकडे कुठेतरी आपटल्यासारखा मागे वळला होता. विनया वेड्यासारखी फोन चाळू लागली. तो प्रश्न परत हवा होता. या वेळी तिला 'नाही' म्हणायचं होतं, या दोघी आहेत, दोघी माझ्या आहेत. पण फराट्याला चेहरा नसतो. फोन काहीच विचारत नव्हता. फोनमधल्या माणसांच्या यादीत एकच गोल होता आणि त्यातली मुलगी शांतपणे तिच्याकडे बघत होती.

फाटकाशी दिवा हलला.

"विनया, बाहेर ये गो. कडी लावायचीय." विमलाबाईंचा आवाज दबका झाला होता. "आज तू म्हण. माझ्या तोंडून निघत नाय... म्हण, एकच आली..."

विनया फाटकापर्यंत आली. तिने तोंड उघडलं. त्याच क्षणी तिच्या ओढणीचं टोक मागून कोणीतरी घट्ट धरलं, अगदी रस्ता ओलांडताना रिद्धी धरायची तसं.