ओनोरेची मिरेत

ते ओनोरेचं घर बघून आलात म्हणता, तर मग तिथं काय घडलं तेही ऐकून ठेवा. एलोदी, तू माझी सख्खी पुतणी. घर घेतल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. काय म्हणालात जावईबापू? भूत घरासोबतच मिळतं की वेगळं मागवावं लागतं? हसा, खुशाल हसा. मीही हसलो असतो.

गोष्ट गेल्या वर्षीची. एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. ओनोरेचा मुलगा दिदिए एका साध्या कामाला लिमोजहून आला होता. घर रिकामं, थंडी वाढत चाललेली. नळात पाणी राहिलं तर गोठून नळ फुटतात. तळघरात उतरायचं, पाण्याचा कॉक बंद करायचा आणि परत फिरायचं. दहा मिनिटांचं काम.

ओनोरे तुला आठवतो ना, एलोदी? साठ वर्षं माझा समोरचा शेजारी. जिभेचा फार तिखट. सरपंचाला अरे-तुरे, पाद्रीबाबाला अरे-तुरे, आणि मला तर शिवी घातल्याशिवाय हाक नाही. जगात एकाच जिवाला तो अहो-जाहो करायचा, आणि ती म्हणजे मिरेत. त्याची कुत्री. पांढरी-तांबडी, लांब कानांची. जात शिकारीची, पण बंदुकीचा बार ऐकला की थरथरायची, म्हणून कुणीतरी टाकून दिलेली.

"या बाई, बसा. चीजची साल घेणार का थोडी?" असं बोलायचा तिच्याशी.

मंगळवारी आणि शुक्रवारी पाववाल्याची गाडी आली की ही सगळ्यांच्या आधी हजर. पाववाला तिला पावाचं टोक द्यायचा. ते ती खायची नाही. तोंडात धरून थेट ओनोरेकडे. मग दोघं दाराशी बसून अर्धं-अर्धं खाणार. "बायको गेली आणि म्हाताऱ्यानं दुसरं लग्न केलं," असं माझी बायको ओदेत म्हणायची.

मार्चमध्ये ओनोरेला झटका आला. उजवी बाजू पार गेली. दिदिएनं त्याला वीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथं कुत्री चालत नाहीत.

दिदिए माझ्याकडे आला होता. तुम्ही बसलात ना, तिथंच उभा होता.

"बाझील काका, मिरेतला ठेवून घेता का? तुमच्या सवयीची आहे. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघं दिवसभर कामाला..."

मी नाही म्हणालो. आम्ही नवा सोफा घेतला होता. कारण विचाराल तर एवढंच.

मग तो तिला गाडीत घालून घेऊन गेला. दक्षिणेकडे एका शेतावर दिलीय, मजेत आहे, असं गावाला सांगितलं. बापालाही तेच. दर रविवारी ओनोरे वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत विचारायचा, "बाई... कशा आहेत?"

"मस्त आहेत बाबा. जाड झाल्यात."

"आण ना... एकदा."

"आणतो. पुढच्या रविवारी."

आठ महिने तो पुढचा रविवार चालला होता.

खरं काय ते दिदिएनं मला त्या बुधवारी सांगितलं. ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. शेत नव्हतंच. ऐंशी किलोमीटरवर, नदीपलीकडच्या जंगलात त्यानं गाडी थांबवली आणि तिला उतरवलं. तिला वाटलं फिरायला आणलंय. शेपूट हलवत उतरली, म्हणाला. आरशात त्याला बराच वेळ ती दिसत होती. आधी धावताना. मग बसलेली.

तर, बुधवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर मिट्ट काळोख, बारीक पाऊस. घरातली वीज तोडलेली. मोबाईलच्या उजेडात दिदिए तळघरात उतरला, कॉक बंद केला, वर आला. निघणार, एवढ्यात दारावर आवाज आला.

खर्र... खर्र...

खालच्या बाजूला. नखांचा.

त्याला वाटलं, फांदी असेल.

खर्र...

त्यानं दार उघडलं. मिरेत होती.

म्हणाला, "काका, आधी तर मला इतकं बरं वाटलं! वाटलं, जिवंत आहे, आली. उद्याच बाबांकडे नेतो. तसं बोललोसुद्धा तिच्याशी."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. चिंब भिजलेली, पुढचा डावा पाय उचलून धरलेला. तीन पायांवर उभी. त्याच्या पलीकडे बघत होती. आत. स्वयंपाकघराकडे.

शेपूट हलायला लागली.

आणि त्याच्या मागे, अंधारात, खुर्ची सरकली.

"या, बाई."

आवाज बापाचा. वाकड्या तोंडाचा नाही. पहिल्यासारखा, स्वच्छ.

"किती चालायला लागलं हो तुम्हाला... या. आत या."

दिदिए वळला नाही. वळताच येईना. ती त्याच्या पायाजवळून आत गेली. अंग लागलं नाही. नुसता गारवा लागला. मागे फरशीवर नखं वाजली. टक, टक, टक... थोडं थांबून पुन्हा. लंगडताना वाजतात तशी.

मग काही नाही.

बराच वेळ... काही नाही.

मग आवाज आला. "आणि तू, दिदिए..."

"बाबा?"

"दार बाहेरून लाव."

लावलं त्यानं. पंचावन्न वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा मुकाट्यानं बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि पावसातून धावत माझ्याकडे आला. मी त्याला प्लमची दारू ओतून दिली. सगळं ओकला. जंगल, आरसा, सगळं.

मी एकच विचारलं, "कुठला पाय उचलून धरला होता म्हणालास?"

"डावा. पुढचा."

आता तुम्हीही ओदेतला हे बोलू नका... सप्टेंबरच्या शेवटी, एका पहाटे, ओनोरेच्या फाटकाशी मला मिरेत सापडली होती. मेलेली. ऐंशी किलोमीटर, सहा महिने लागले तिला. नुसती हाडं राहिली होती. पुढचा डावा पाय कुठल्यातरी गाडीखाली चिरडलेला. मीच खड्डा खणला, मीच पुरली. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर दिदिएला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि मला? मला तरी कुठं उरली असती?

तेव्हाही बोललो नाही. त्याला आजही माहीत नाही.

तेवढ्यात दिदिएचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून. ओनोरे गेला होता. सव्वासहाला. झोपेतच, म्हणाले.

मीच गाडी काढली. तिथं नादेज म्हणून एक मदतनीस आहे, ओनोरेचं सगळं तीच करायची. दिदिए आत बापाच्या उशाशी बसला. तिनं मला दाराशी थांबवलं.

"यांना आज बाहेर कुणी नेलं होतं का?"

"कोण नेणार?"

"तेच म्हणते मी. आठ महिने बिछाना नाहीतर चाकाची खुर्ची. मीच उचलायची, मीच ठेवायची. मघाशी पाय पुसत होते..."

तिनं आपला अंगठा दाखवला. टोचल्याचा लाल ठिपका होता.

मग आत जाऊन तिनं पायाकडची चादर वर केली. ओनोरेच्या उजव्या टाचेत काटा मोडला होता. रानातल्या जाळीचा, जाड. भोवतालचं रक्त अजून ओलं होतं.